साडेसहा सेकंद

दुऐजला गाण्यात ओरखडे हवेत.
"जुन्या रिळासारखे," तो दोन बोटांनी हवा खरवडतो,
"पण स्वच्छ."
मुहर्रकला टायरच्या दुकानावर आमची एडिटिंगची खोली.
एसीचं पाणी बादलीत टपटपतं, तालात नाही.
बिनीश म्हणतो, चेची, फिल्टर आहे ना, चार दिनार,
त्यात धूळ मिळते, थरथर मिळते, जळकी कड मिळते,
वर एक केस फुकट,
कुठल्याशा भिंगात कधीकाळी अडकलेला.

मी फिल्टर घेते. महिनाअखेर आहे.
पण तो केस रात्रभर डोळ्यात खुपतो.

इचलकरंजीला पतपेढीच्या वरच्या हॉलमध्ये
खंजिरे सर महिन्यातून एकदा प्रोजेक्टर लावायचे.
चौदा माणसं. त्यातली दोन रात्रपाळी करून झोपायला आलेली.
एकदा एक रीळ आलं, त्यात कॅमेराच नव्हता.
कुणीतरी, कुठेतरी,
फिल्मच्या पट्टीवर सुईनं कोरत बसलं होतं:
रेघा, ठिपके, रेघांची आपसातली भांडणं.
"गोष्ट कुठाय?" म्हणत सायझिंगवाले आण्णा उठले,
त्यांच्यामागे खुर्च्या उठल्या.
मी बसून राहिले.
माझी आई कापड तपासायची. ताणा तुटला की
कापडात उभी फट पडते, शेठ तिचे पैसे कापतो.
आणि इथे कुणी ती फटच विणली होती,
जाणूनबुजून, सबंध ताग्याभर.

रीळ गुंडाळताना सर म्हणाले,
"हे कुणी बघणार नाही. पण चोरतील सगळे."

चोरलं, सर.
तिरक्या भिंती आणि रंगवलेल्या सावल्या
अत्तराच्या दुकानाच्या गाण्यात आल्या.
दोन परक्या चित्रांची टक्कर लावून
तिसरा अर्थ काढायचा, तुम्ही फळ्यावर शिकवलेलं;
ती टक्कर आता दर ठेक्याला होते,
अर्थ निघत नाही, पाय तेवढा हलतो.
स्वप्नातला, चहाच्या पेल्यात मावणारा समुद्र
परवा एका लग्नाच्या गाण्यात लावला.
मीच लावला. बरा दिसतो.

दुऐजच्या गाण्याच्या तळाशी एक घुमणं आहे,
मोती काढणाऱ्यांच्या होडीवरचं,
शब्द नसलेलं, पोटातून येणारं.
ते त्याच्या आजोबांचं, हज्जी मरझूकांचं.
पोरवयात शेवटच्या होड्यांवर होते.
कान समुद्रानं खाल्ले. नातवाचं गाणं
ते स्पीकरवर तळवा ठेवून ऐकतात.

सरांनी निघताना दिलेली चार फूट काळी फिल्म
माझ्या बिस्किटाच्या डब्यात होती,
व्हिसाच्या झेरॉक्सखाली.
ती मी त्यांच्यापुढे ठेवली. माझं अरबी भाजी घेण्यापुरतं,
म्हणून हातानंच सांगितलं: खरवडा.
"काय?"
मी त्यांच्या छातीकडे बोट केलं.
त्यांनी शिंपला उघडायची बोथट सुरी मागवली.
घुमत राहिले, खरवडत राहिले,
टेबलावर काळा भुगा साचला, नखांत गेला.
मध्येच सुरी उचलली. घुमणंही थांबलं.
मला वाटलं, दमले.
बोटभर पट्टी तशीच काळी पुढे सरकवून
पुन्हा टेकवली सुरी.

एकशे साठ चौकटी. साडेसहा सेकंद.
दुऐज स्क्रीनपाशी वाकला. "इथे फाइल बिघडलीय."
"नाही. इथे आजोबा पाण्याखाली आहेत."

तो काही बोलला नाही. करक चहा मागवला.
मग म्हणाला, काळं निम्मं काप, लोक पुढे ढकलतात.
मी पाव कापलं.
तो मोजत बसला नाही, किंवा मोजलं असेल.

बिनीशनं फिल्टरचे चार दिनार
तरीही बिलात लावले.